आधी टाकी बघा!

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. दापोलीहून आंजर्ल्याला घरी जात होतो. गाडी आजोबांची, येझदी रोडकिंग, १९८३ सालची, म्हणजे माझ्या वयाच्या दुप्पट. मागे मामेभाऊ आणि त्याच्या मांडीवर किराणा सामानाची पिशवी. दापोलीत पंपावर टाकी फुल केली, ऐटीत निघालो, आणि आसूदच्या रस्त्याला लागलो न लागलो तोच गाडीने दोन आचके दिले आणि गप्प झाली. किक मारली. सुरू झाली, दहा सेकंदांत बंद. पाच मिनिटं वाट बघून पुन्हा किक मारली. या वेळी शंभर-दीडशे मीटर गेली आणि परत तेच.

मी थर्ड इयर मेकॅनिकल. मामेभाऊ कॉमर्सचा. साहजिकच निदान मी केलं. "पेट्रोलमध्ये पाणी आहे. पंपवाल्याने फसवलं. नाहीतर ते इथेनॉल." आजोबांनी टूलकिटमध्ये ठेवलेला पाना काढला, आंब्याच्या सावलीत बसलो आणि कार्बोरेटर उघडला. बाऊल जवळपास कोरडा होता. ही गोष्ट मला दिसली, पण कळली नाही, हे आधीच कबूल करतो. जेट फुंकला, उन्हाकडे धरून बघितला, शहाण्यासारखी मान हलवली आणि सगळं परत बसवलं. गाडी सुरू झाली, तीनशे मीटर गेली, बंद.

तेवढ्यात हर्णैकडून एक काका एम-एटीवरून आले. मागे मासळीचा रिकामा खोका. थांबले, आमच्याकडे आणि रस्त्यावर पसरलेल्या पान्यांकडे बघितलं आणि म्हणाले, "टाकीचं झाकण सैल कर बघू."

केलं. 'स्स्स' करून हवा आत गेली. अगदी प्रेशर कुकरच्या उलटी.

"आता मार किक."

पहिल्या किकला गाडी सुरू.

"पेट्रोल खाली यायचं तर वारा आत जायला नको काय? आमच्या होडीच्या मशिनची टाकी असते ना, तिच्या झाकणाचा स्क्रू ढिला करायचा राहिला की मशीन असंच गप्प होतं." एवढं बोलून काका गेले. मामेभाऊ माझ्याकडे बघून जे हसला ते इथे छापता येणार नाही.

हा किस्सा मी हॉस्टेलवर सांगितला तेव्हा दोन प्रतिक्रिया आल्या. अर्धे हसले. उरलेल्या अर्ध्यांनी विचारलं, "पण झाकणाला भोक असतं?" आणि म्हणून हा लेख लिहायला घेतला. माझं स्पष्ट मत असं आहे की जुनी गाडी बंद पडली की आपण सगळे, मेकॅनिकल इंजिनिअरिंगवाले तर जास्तच, थेट कार्बोरेटरवर झडप घालतो. कारण पुस्तकात कार्बोरेटरला स्वतंत्र प्रकरण आहे, त्यावर प्रश्न येतो, आकृती काढून नावं द्यायची असतात. टाकी, तिचं झाकण, खालचा पेट्रोल कॉक आणि वीतभर नळी यांना पुस्तकात जागा नाही. आकृतीत वरून एक बाण येतो आणि त्यावर 'इंधन' लिहिलेलं असतं. माझ्या माहितीतल्या जुन्या गाड्यांची निम्मीअधिक दुखणी त्या बाणातच आहेत.

आता तो हिशोबच बघू. गाडीला पेट्रोल पंप नसतो, पेट्रोल स्वतःच्या वजनाने खाली येतं. भरलेल्या टाकीतली पातळी आणि कार्बोरेटरचा फ्लोट यांत साधारण ३० सेंटीमीटर उंचीचा फरक धरा. पेट्रोलची घनता पाण्याच्या पाऊणपट. घनता गुणिले गुरुत्व गुणिले उंची केलं की दाब येतो जेमतेम सव्वादोन किलोपास्कल, म्हणजे बाहेरच्या हवेच्या दाबाच्या दोन टक्क्यांहून किंचित जास्त. इंजिनपर्यंत पेट्रोल पोचवणारी ताकद एवढीच! आता झाकणाचं भोक बंद आहे. टाकी फुल, वर मोकळी जागा लिटरभर. त्यातून २२ मिली पेट्रोल खाली गेलं की वरची हवा दोन टक्क्यांनी पसरली, तिचा दाब तेवढाच उतरला, आणि हिशोब मिटला. पेट्रोल जागच्या जागी लटकतं. लिटरला तीस किलोमीटर ॲव्हरेज धरलं तर २२ मिलीत गाडी जाते साडेसहाशे मीटर. बाऊलमध्ये होतं नव्हतं ते संपेपर्यंत अजून थोडं. प्रत्यक्षात पेट्रोलची वाफ होते, झाकण थोडंफार गळतं, त्यामुळे आकडा पुढेमागे होईल. पण गंमत पुढे आहे. टाकी अर्धी असती तर मोकळी जागा पाच लिटर, उंची वीस सेंटीमीटर. मग दीड टक्क्याला सत्तर मिली लागतात आणि गाडी दोन किलोमीटर जाते. म्हणजे भोक बंद असलेली गाडी टाकी फुल केल्यावर लवकर बंद पडते! पंपावरून बाहेर पडल्या पडल्या. मग शिव्या कोणाला बसणार? पंपवाल्याला. त्या दिवशी मी मनातल्या मनात त्या माणसाची क्षमा मागितली.

आता खरं सांगायचं तर भोक बंद केलं होतं मीच. आधीच्या दिवाळीत झाकणाचं जुनं बुचाचं वॉशर तडकलेलं दिसलं, म्हणून मी स्कूटरच्या जुन्या ट्यूबमधून गोल कापून नवं वॉशर बसवलं. मधे हवेसाठी भोकही पाडलं होतं, एवढा मी ढ नाही. पण ट्यूबचं रबर पेट्रोलमध्ये फुगतं हे माहीत नव्हतं. सहा महिन्यांत ते फुगून पापडासारखं वेडंवाकडं झालं आणि झाकणाच्या भोकावर चपखल बसलं. हायस्कूलच्या पोराने केलं असतं तर ठीक होतं. आपण मटेरियल सायन्सचा पेपर पास झालेलो आहोत.

असो. आता कॉककडे येऊ. हा शब्द ऐकून मागच्या बाकावर जी खसखस पिकते ती पिकून घ्या, मग पुढे वाचा. नव्या गाड्या चालवणाऱ्या ज्युनिअर्सना हे सांगावं लागतं कारण १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं, दुचाकींवर इंजेक्शन आलं, टाकीच्या पोटातच पंप बसला आणि कॉक गेला. जुन्या गाडीत टाकीच्या तळाला हा पितळी किंवा ॲल्युमिनियमचा नळ असतो. तीन अवस्था: बंद, चालू, रिझर्व्ह. रिझर्व्ह म्हणजे वेगळी छोटी टाकी असते असं मला बारावीपर्यंत वाटायचं. वेगळं काही नसतं. कॉकमधून टाकीच्या आत एक उभी नळी गेलेली असते, बोट-दीड बोट उंच. 'चालू'वर पेट्रोल या नळीच्या तोंडातून येतं. पातळी त्या तोंडाच्या खाली गेली की पुरवठा थांबतो. मग 'रिझर्व्ह' केलं की बुडाशी असलेलं दुसरं भोक उघडतं आणि उरलेलं पेट्रोल मिळतं. ना काटा, ना दिवा, ना सेन्सर. पेट्रोल संपत आल्याची सूचना गाडी स्वतः आचके देऊन देते. इतकं साधं आणि इतकं अचूक डिझाइन मी फार थोडी पाहिली आहेत.

पण याचा दुसरा अर्थ बघा. पाणी पेट्रोलहून जड, ते तळाशी. गंज तळाशी. टाकीचा रंग, कचरा, सगळं तळाशी. आणि रिझर्व्हचं भोकही तळाशी. त्यामुळे वर्षभर 'चालू'वर सुरळीत धावणारी गाडी रिझर्व्हला लागली की दोन किलोमीटरवर मान टाकते, आणि तेही नेमकं रात्री. आमच्याकडे म्हणतात, "रिझर्व्हला लावू नको रे, गाडी खराब होते." गाडी खराब होत नाही, आधीच खराब असलेली टाकी तुम्हाला कळते. माझं मत अगदी उलट आहे. महिन्यातून एकदा मुद्दाम रिझर्व्हवर दोनचार किलोमीटर चालवावी, म्हणजे तळाचं थोडं थोडं पाणी निघून जातं. कॉकखाली छोटी वाटी असेल तर ती उघडून बघावी. काही गाड्यांना ती असते आणि मालकाला दहा वर्षांत पत्ता नसतो.

आणखी एक जागा लोकांना माहीत नसते. मोटरसायकलची टाकी फ्रेमच्या पाइपवर खोगिरासारखी बसते, म्हणून तिचा तळ सपाट नसतो, मधे बोगदा असतो. पातळी बोगद्याच्या खाली आली की पेट्रोलचे दोन तलाव होतात, डावा आणि उजवा. काही गाड्यांत दोन्हीकडे कॉक असतो किंवा दोघांना जोडणारी नळी असते. ज्यांत नसते त्यांत कॉक नसलेल्या बाजूचं पेट्रोल तसंच पडून राहतं. गाडी कॉकच्या बाजूला आडवी केली की ते बोगद्यावरून उडी मारून पलीकडे येतं. पेट्रोल संपल्यावर गाडी आडवी करणारा माणूस म्हणजे अडाणी, असं हसण्याआधी हे आठवावं.

आता कोकणाचं बोलू, कारण घाटावर आणि कोकणात टाकीचं आयुष्य सारखं नसतं. आंजर्ल्याला आमचं घर समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर. खारा वारा, चार महिने पाऊस. कड्यावरच्या गणपतीला पायऱ्या चढून गेलात की खाली जी सुंदर किनारपट्टी दिसते ना, माडांची, ती लोखंडाची वैरी आहे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमची पडवी गाडीवर कोसळली. आंजर्ले, केळशी, हर्णै सगळीकडे बागा आडव्या झाल्या होत्या, वीज कितीतरी दिवस नव्हती, गाडीकडे बघायला कोणाला वेळ होता? आडव्या पडलेल्या गाडीतलं पेट्रोल झाकणातून गळून गेलं आणि त्याच वाटेने पावसाचं पाणी आत आलं. महिन्याने गाडी उभी केली तेव्हा टाकीतून चहासारखं पाणी निघालं. आजोबा म्हणाले, "द्या भंगारात." ते असं कधी म्हणत नाहीत. पण दोन वर्षं ती तशीच पडून राहिली.

कॉलेजला आल्यावर मी ती टाकी साफ केली. त्याआधी सगळ्यांनी इथेनॉलला शिव्या दिल्या होत्या, म्हणून या विषयावर दोन शब्द. देशात पेट्रोलमध्ये सरासरी १० टक्के इथेनॉल २०२२ मध्ये पूर्ण झालं, २० टक्क्यांचं पेट्रोल फेब्रुवारी २०२३ मध्ये पंपांवर यायला लागलं आणि २०२५ पर्यंत ते सगळीकडे झालं. इथेनॉल पाणी ओढतं, हे खरं. पाणी एका मर्यादेबाहेर गेलं की इथेनॉल आणि पाणी हातात हात घालून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाशी, म्हणजे रिझर्व्हच्या तोंडाशी, जाऊन बसतात, हेही खरं. पण मर्यादा किती? दहा टक्केवाल्या पेट्रोलला साधारण अर्धा टक्का पाणी पचतं, वीस टक्केवाल्याला त्याहून जास्त. म्हणजे पाच लिटरमध्ये निदान २५ मिली पाणी हवं. आता लोक म्हणतात हवेतली वाफ टाकीत शिरून एवढं पाणी जमतं. हिशोब करा. रात्र-दिवसात दहा अंशांचा फरक धरला तर पाच लिटर हवेतली रोज पावणेदोनशे मिली हवा आतबाहेर होते. पावसाळ्यात ३० अंशाला घनमीटरभर हवेत फार तर ३० ग्रॅम वाफ मावते. ती सगळीच्या सगळी टाकीत थंड होऊन राहिली तरी रोजचं पाणी येतं पाच मिलिग्रॅम! चार महिन्यांत अर्धा ग्रॅमच्या आसपास. पाव चमचासुद्धा नाही. इथेनॉल हवेतून थोडंफार जास्त ओढेल, पण एवढ्याशा भोकातून किती? २५ मिली पाणी येतं ते सरळ पावसातून, तडकलेल्या वॉशरमधून, किंवा दुकानातल्या बाटलीतल्या पेट्रोलमधून. तेव्हा इथेनॉलला फाशी देण्याआधी झाकणाचं वॉशर बघा. बरं, थोडंसं पाणी इथेनॉलमध्ये विरघळून जळूनही जातं. जुन्या पेट्रोलमध्ये तोच थेंब वर्षानुवर्षं तळाशी बसून पत्रा खायचा. आमच्या टाक्या इथेनॉलच्या आधीही गंजतच होत्या. साबणाची वडी चोळून टाकीची गळती बंद करायची विद्या आजोबांच्या पिढीला येत होती, ती काय उगाच?

पण इथेनॉलचा खरा गुन्हा वेगळाच आहे आणि त्यावर पुरेसं बोललं जात नाही: रबर. कॉकच्या दांडीमागे एक रबराची चकती असते, तीनचार भोकांची. जुन्या इंग्रजी पद्धतीच्या कॉकमध्ये रबराऐवजी बूच असायचं. ही रबरं जुन्या पेट्रोलसाठी निवडलेली. इथेनॉलमध्ये त्यांतली कित्येक फुगतात. फुगलं की भोक बारीक होतं. गाडी गावात नीट चालते, चढाला पूर्ण रेस दिली की उपाशी मरते. सगळे म्हणतात जेट चोंदला. ऑगस्ट २०२५ मध्ये पेट्रोलियम मंत्रालयाने सांगितलं की काही जुन्या गाड्यांना वीस-तीस हजार किलोमीटरनंतर रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागतील, खर्च फार नाही. खर्च फार नाही, हे मान्य. पण किलोमीटर? आमची येझदी वर्षाला चारशे किलोमीटर जाते. तीस हजार व्हायला पंचाहत्तर वर्षं लागतील! रबर पेट्रोलमध्ये बुडून बसलेलं असतं. गाडी धावते की उभी आहे याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. त्याला दिवस मोजावे लागतात. जुन्या, कमी चालणाऱ्या गाड्यांचा विचार त्या वाक्यात झालेला नाही असं मला वाटतं. इथेनॉल सोसणारं रबर, ज्याला बाजारात व्हायटन म्हणतात, ते मिळतं. त्याची चकती बसवावी आणि विषय संपवावा.

शिवाय येझदीचे सुटे भाग ही वेगळीच कहाणी. म्हैसूरच्या आयडियल जावाने १९६१ पासून गाड्या काढल्या, १९७३ पासून त्यांवर येझदी नाव आलं, १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. २०१८ मध्ये जावा आणि २०२२ मध्ये येझदी ही नावं पुन्हा बाजारात आली, पण त्या गाड्या इंजेक्शनवाल्या. त्यांचं काही आमच्या गाडीला लागत नाही. जुन्या नावाने जे कॉक मिळतात त्यांतले काही नवीन असतानाच गळतात. म्हणून जुना पितळी कॉक टाकू नका. त्याचं तोंड काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून आठाच्या आकारात घासलं की सपाट होतं. ही युक्ती मला दापोलीच्या एका मिस्त्रींनी फुकट शिकवली. (काच सपाट असते म्हणून. मेट्रॉलॉजी!)

टाकी साफ करायची पद्धत विचारणारे फार आहेत, म्हणून सांगतो. आधी टाकीत नट-बोल्ट टाकून हलवायचा प्रकार करू नका, पातळ पत्र्याला पोचे येतात आणि एखादा नट आतच राहतो. मी लिंबूसत्व वापरलं, म्हणजे सायट्रिक ॲसिड, किराणा दुकानात मिळतं. कॉक काढला, भोकाला बूच मारलं, गरम पाण्यात लिटरला सत्तर-ऐंशी ग्रॅम घालून टाकी काठोकाठ भरली आणि रात्रभर ठेवली. चिंचेने तांब्याची भांडी निघतात त्याच जातीचं काम आहे हे. सकाळी हिरवट-काळं पाणी निघालं. मग धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने दोनदा धुतली, म्हणजे उरलेलं ॲसिड मरतं. आणि लगेच वाळवली. या 'लगेच'वर सगळं अवलंबून आहे. कोकणात धुतलेली टाकी अर्ध्या तासात पुन्हा नारिंगी होते. आईचा केस वाळवायचा ड्रायर घेतला होता, तिला अजून माहीत नाही. टाकी तेव्हा दोन वर्षं कोरडी होती आणि आधी पाण्याने धुतलेली होती, म्हणून ड्रायर चालला. पेट्रोलचा वास येणाऱ्या टाकीजवळ ड्रायर नेऊ नका, हात जोडून सांगतो. शेवटी थोडं पेट्रोल आणि टूटी ऑइल घालून सगळीकडून फिरवली.

आतून इपॉक्सीचा थर द्यायचा सल्ला बरेच जण देतात. मी त्याच्या विरोधात आहे. नीट न बसलेला थर काही वर्षांनी पापुद्र्यांनी सुटतो, जुन्या प्रकारचे थर इथेनॉलने मऊही पडतात, आणि ते पापुद्रे बरोबर कॉकच्या जाळीवर येऊन बसतात. गंज तरी काढता येतो. हा थर काढताना माणूस रडतो.

आणि वेल्डिंग. इथे विनोद नाही. हवेत पेट्रोलची वाफ १.४ ते ७.६ टक्क्यांच्या दरम्यान असली की ठिणगीने स्फोट होतो. बारा लिटरच्या टाकीत १.४ टक्के वाफ व्हायला पेट्रोल लागतं एक मिलीसुद्धा नाही. शिवणीत अडकलेला थेंब पुरतो. 'रिकामी आहे' म्हणून टाकी वेल्डरकडे नेणारे लोक मी बघितले आहेत. भरलेल्यापेक्षा रिकामी टाकी जास्त घातक, कारण भरलेल्या टाकीत हवाच नसते. जुने कारागीर टाकी पाण्याने भरून, फक्त भोकाची जागा वर ठेवून पितळी डाख देत. त्यांना टक्केवारी माहीत नव्हती, पण ती चूक त्यांनी केली नाही.

आता आपल्या घरचं. हॉस्टेलच्या मागच्या शेडमध्ये जुन्या कॉकवाल्या गाड्या आजही डझनभर तरी आहेत, आरएक्स-१०० पासून ते कोणाच्या तरी मामाच्या बुलेटपर्यंत. मागच्या आठवड्यात मी फिरून बघितलं. एक सोडून सगळ्यांचे कॉक चालू! कार्बोरेटरमधली फ्लोटची सुई म्हणजे दरवाजा नव्हे, ती एवढ्याशा सव्वादोन किलोपास्कलवरसुद्धा कचऱ्याच्या एका कणाने उघडी राहते. मग पेट्रोल जातं कुठे? टूस्ट्रोक गाडी असेल तर क्रँककेसमध्ये. सकाळी किक जड लागते, प्लग ओला, सायलेन्सरमधून धुराचा लोट. फोरस्ट्रोकमध्ये सिलिंडरमधून झिरपून इंजिन ऑइलमध्ये मिसळतं आणि ऑइल पातळ होतं. नाहीतर सरळ फरशीवर. शेडमध्ये वास येतो तो याचा. त्याच शेडच्या कोपऱ्यात रात्री कोण काय ओढत बसतं हे मी लिहीत नाही, रेक्टर सरही हे मासिक वाचतात. आजोबा अजून रोज संध्याकाळी विचारतात, "कॉक बंद केलास का रे?" लहानपणी मला ती कटकट वाटायची.

माझा एक मित्र म्हणतो, "अरे, इलेक्ट्रिकचा जमाना आला, तू कुठे नळ उघडत बसलायस?" त्याला मी आमच्या गावी न्यायला तयार आहे. वादळानंतर वीज नव्हती तेव्हा गावात जे जनरेटर चालत होते त्यांना टाकी होती, झाकणाला भोक होतं आणि खाली कॉक होता. बागेतल्या पेट्रोल-केरोसीनच्या पंपसेटला तेच. ते आजही नवेकोरे विकले जातात. एकाचा जनरेटर तासभर चालून बंद पडायचा, त्याने दोनदा कार्बोरेटर बदलला. काय होतं ते आता तुम्ही सांगू शकाल.

मुद्दा असा की आपल्याकडे या गोष्टीची सोय आधीच आहे. आय.सी. इंजिनच्या लॅबमध्ये आपण सगळे ब्युरेट आणि थ्री-वे कॉक वापरतो. कॉक फिरवायचा, दहा मिली पेट्रोल संपायला किती सेकंद लागले ते स्टॉपवॉचवर बघायचं, जर्नलमध्ये लिहायचं, सही घ्यायची. तोच प्रयोग शेडमध्ये करा. इंजिन थंड असताना, उघड्यावर, नळी कार्बोरेटरकडून काढून मोजमापाच्या बाटलीत सोडा आणि मिनिटभर कॉक उघडा. साठच्या वेगाने लिटरला तीस देणारी गाडी मिनिटाला फक्त ३३ मिली पिते. चढाला पूर्ण रेसवर दुप्पट-अडीचपट धरा. तेव्हा मिनिटाला दीडशे-दोनशे मिली आलं तर टाकीकडून काही तक्रार नाही. मग तेच झाकण सैल करून पुन्हा मोजा. दुसऱ्यांदा जास्त आलं तर भोक बंद. दोन्ही वेळा कमी आलं तर कॉकची जाळी, चकती, किंवा तो कारचा फिल्टर, जो पंपाच्या दाबासाठी बनवलेला असतो आणि लोक हौसेने मोटरसायकलला लावतात. इतकं झाल्यावर मग उघडा की कार्बोरेटर, कोण नको म्हणतंय?

आणि एक मागणी. फर्स्ट इयरला वर्कशॉपमध्ये पत्र्याचा ट्रे करायला लावतात, जो जर्नल तपासून झाल्यावर कोणीच घरी नेत नाही. त्याऐवजी किंवा त्याच्यासोबत भंगारातली एक टाकी स्टँडवर लावा, तिच्या एका बाजूला ॲक्रिलिकची खिडकी बसवा, खाली खरा कॉक, आणि आत रंगीत पाणी. दोन तलाव कसे होतात, रिझर्व्ह कुठून येतं, झाकणावर अंगठा ठेवला की धार कशी थांबते, पाच मिनिटांत दिसेल. खर्च एका सेमिनारच्या फ्लेक्सपेक्षा कमी. वर्कशॉपच्या सरांशी मी बोललोय, ते म्हणाले लेखी दे. हे घ्या लेखी.

रविवारी सकाळी नऊ ते अकरा मी शेडच्या बाहेरच्या मोकळ्या जागेत बाटली आणि स्टॉपवॉच घेऊन असतो. गाडी रात्रीपासून उभी ठेवलेली आणा, गरम नको. ट्यूबचं ते फुगलेलं वॉशर माझ्या टेबलावर आहे, बघायला या.